कुत्र्याचे रानातले भाऊबंद



आपल्या दारात कुत्रा असतो. त्याला आपण भाकरतुकडा घालतो. तो आपले घर राखतो. पण त्याचे भाऊबंद रानात राहतात. त्यांची ओळख आज करून घेऊ या.

आपल्या महाराष्ट्रात हे भाऊबंद चार.

पहिला लांडगा. हा उघड्या माळावर राहतो. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर तो आजही आहे. हजारो वर्षांपूर्वी माणसाने जवळ केलेल्या लांडग्यांतूनच आपला कुत्रा झाला.

दुसरा कोल्हा. रात्री कोल्हेकुई ऐकता ना? तोच हा. तो मेलेले जनावर खातो, उंदीर खातो, बोरेसुद्धा खातो.

तिसरे खोकड. अंगाने लहान, शेपूट झुबकेदार, शेपटीचे टोक काळे. उंदीर आणि टोळ खाऊन ते आपले पीक वाचवते.

चौथा रानकुत्रा. यालाच कोळसुंदा म्हणतात. रंगाने तांबूस. मेळघाट, ताडोबा अशा दाट जंगलात तो टोळीने शिकार करतो. सोबत्यांना तो शीळ घालून बोलावतो, बरे का!

तरस मात्र या कुळातले नाही. दिसते कुत्र्यासारखे, पण नाते मुंगसाशी जवळचे.

आता मी पाहिलेली गोष्ट सांगतो. मी शाळेवर होतो तेव्हा एका धनगराची मेंढी लांडग्याने मारली. रागाच्या भरात त्याने मेलेल्या मेंढीत विष कालवले. सकाळी आम्ही पाहायला गेलो. लांडगा आलाच नव्हता. दोन कोल्हे मरून पडले होते. शेजारी धनगराचा स्वतःचा कुत्रा पडला होता. तो मटकन खाली बसला. म्हणाला, "गुरुजी, दुधभाकर घालून वाढवला, अन् माझ्याच हातानं मारला बघा!"

मंडळी, विष कुणाला ओळखत नाही. म्हणून विष घालू नका. रात्री मेंढरे वाघरेत कोंडा. जवळ कुत्रा ठेवा. लांडग्याने जनावर मारलेच, तर मढे हलवू नका. लगेच वनखात्याला कळवा. पंचनामा होतो आणि सरकारी नियमाप्रमाणे भरपाई मिळते. या चारही प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारणे गुन्हा आहे.

दारातल्या कुत्र्याला जपता, तसे त्याच्या भाऊबंदांनाही जगू द्या. एवढे सांगून मी थांबतो.