जवानाची बदली आणि मुलांची शाळा



बदलीचा हुकूम जवानाच्या नावे निघतो. शाळा मात्र त्याच्या मुलांची सुटते. सातारा जिल्ह्यातील एखाद्या शिपायाचे कुटुंब आज बेळगावच्या छावणीत असेल, दोन-तीन वर्षांनी जबलपूरला असेल, आणि पुढची नेमणूक सीमेवर झाली तर पत्नीला मुले घेऊन गावी परतावे लागेल. प्रत्येक वेळी नवी शाळा, नवी पाठ्यपुस्तके, कित्येकदा नवे माध्यम. मुलांसाठी चांगली शाळा निवडावी, असा उपदेश या कुटुंबाला करणे सोपे आहे. त्या निवडीला वाव किती, याचा विचार सहसा होत नाही.

शासनाला या प्रश्नाची जाणीव झाली होती. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने नोव्हेंबर १९६२ मध्ये केंद्रीय शाळांची योजना मंजूर केली आणि १९६३ साली २० रेजिमेंटल शाळा हाती घेऊन तिचा आरंभ झाला. आज केंद्रीय विद्यालयांची संख्या १२०० हून अधिक आहे. देशभर एकच अभ्यासक्रम, आणि बदलीच्या नोकरीतील पालकांच्या मुलांना प्रवेशात अग्रक्रम. तेथे शिपायाचे मूल आणि अधिकाऱ्याचे मूल एका बाकावर बसू शकते, हे त्या योजनेचे खरे मोठेपण होय.

परंतु तिच्या मर्यादाही ध्यानी घ्यावयास हव्यात. असे विद्यालय प्रत्येक तालुक्यात नाही. जेथे आहे तेथे माध्यम हिंदी व इंग्रजी. चार-पाच वर्षे तेथे शिकलेले मूल गावच्या जिल्हा परिषद शाळेत येते तेव्हा गणित त्याला येत असते, पण मराठीतले उदाहरण वाचताना ते अडखळते. त्याला मंद ठरविणे हा त्याच्यावर अन्याय आहे. सैनिक शाळेचा मार्ग १९६१ साली साताऱ्यातच प्रथम खुला झाला. मात्र तेथे प्रवेशपरीक्षा आहे, आणि मुलाला वसतिगृहात ठेवावे लागते. खासगी निवासी शाळेचा खर्च अधिकाऱ्यास एक वेळ झेपेल. शिपायाच्या वेतनात तो बसत नाही.

अशा वेळी निर्णयाचा भार जवानाच्या पत्नीवर पडतो. शाळेच्या इमारतीला आणि गणवेशाला भुलण्यापेक्षा तिने काही गोष्टी आधी पाहाव्यात. पुढच्या बदलीच्या गावी हेच माध्यम व हाच अभ्यासक्रम मिळेल काय? दहावी-बारावीच्या वर्षी शाळा बदलणे टाळता येईल काय? शाळेत मराठी नसेल तर घरी रोज थोडे मराठी वाचन-लेखन चालू राहील काय?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा आधारही तिला ठाऊक असला पाहिजे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकाने तात्काळ द्यावयाचा आहे, आणि दाखला उशिरा आला या सबबीवर नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कायदा पुस्तकात राहतो आणि आई मुलाला घेऊन कचेरीच्या पायरीवर ताटकळत उभी राहते. आपल्या कार्यकर्त्याने तिच्यासोबत मुख्याध्यापकांकडे जाणे, हे सैनिकांच्या गौरवाच्या दहा सभांहून अधिक मोलाचे काम आहे.

यातून एक व्यापक मुद्दा निघतो. सार्वजनिक पैशावर चालणारी शाळा फिरत्या कुटुंबाच्या मुलाला ठिकठिकाणी सामावून घेऊ शकते, हे या देशाने १९६३ पासून करून दाखविले आहे. मग बीडच्या ऊसतोड कामगाराच्या मुलाने काय अपराध केला? तेही दर हंगामात आईबापांमागे साखरपट्ट्यात उतरते. बापाच्या हाती बदलीचा सरकारी हुकूम नसतो, एवढाच फरक. कोठारी आयोगाने १९६६ साली सर्वांसाठी समान सार्वजनिक शाळांची शिफारस केली होती. ती अमलात आली असती तर प्रत्येक गावची शाळा विश्वासाने मूल सोपवावे अशी झाली असती, आणि जवानाच्या पत्नीला शाळा शोधत फिरावे लागले नसते. जवानासाठी मागावयाचे ते सर्वांसाठी मागितले, तरच ते जवानालाही गावोगाव मिळेल.