तुळस आणि किरणोत्सर्ग
(सुपा येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले भाषण)



मी शाळामास्तर, शास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षणही मॅट्रिकपर्यंतचेच. तथापि आपल्याच एका कुटुंबातील भगिनीस कर्करोगावर किरणोपचार सांगण्यात आले, तेव्हा तिने विचारले, "मास्तर, तुळशीच्या काढ्याने किरण बाधत नाहीत म्हणतात, घेऊ का?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे हाती लागले, तेच आपणांपुढे ठेवतो.

आपल्या शरीरात सर्वांत मोठा वाटा पाण्याचा. गॅमा-किरण त्या पाण्याचे रेणू फोडतात व त्यांतून अत्यंत चंचल असे कण उत्पन्न होतात. ते पेशीतील आनुवंशिक द्रव्याचे धागे तोडतात. अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर येथील पेशी सतत विभागत असल्याने त्यांस प्रथम झळ लागते. सर्वांगावर चार-पाच ग्रे एवढी मात्रा एकदम पडली व उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. (लासलगावास 2002 पासून कांद्यास मोड येऊ नयेत म्हणून याच्या दहा-पंधरा पट मात्रा देण्याची सोय आहे; तो कांदा खाण्यास निर्धोक असतो, हे आपल्या कांदेवाल्यांस ठाऊक असावे.)

चंचल कणांस वाटेतच गाठील तो पदार्थ रक्षक. 1949 साली अमेरिकेत पॅट व सहकाऱ्यांनी सिस्टीन टोचून उंदरांचे क्ष-किरणांपासून रक्षण केले. परंतु त्या जातीची पुढील औषधे परिणामकारक मात्रेत स्वतःच बाधू लागली. म्हणून संशोधक वनस्पतींकडे वळले. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. उमादेवी यांनी तुळशीच्या पानांतील ओरिएंटिन व विसेनिन ही द्रव्ये उंदरांस किरणांपूर्वी टोचली. मात्रा दर किलो वजनास अवघी 50 मायक्रोग्रॅम. तरी पुष्कळ उंदीर वाचले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही हरितद्रव्यापासून केलेल्या क्लोरोफिलिनवर असेच प्रयोग झाले आहेत.

मग काढा घ्यावा काय? उंदरांस दिले ते शुद्ध द्रव्य, तेही टोचून आणि किरणांच्या आधी. काढ्यातून किती पोटात जाते आणि रक्तात किती उतरते, हे कोण मोजणार? शिवाय कर्करोगाची गाठ जळते तीही बऱ्याच अंशी त्याच चंचल कणांमुळे. रक्षक द्रव्याने गाठीचेच रक्षण केले तर उपचार व्यर्थ! माणसांवर पुरेशी परीक्षा झाल्यावाचून उंदरांवरचा निष्कर्ष आपल्यास लावणे मला धोक्याचे वाटते.

त्या भगिनीने अखेर डॉक्टरांसच विचारले. त्यांनी उपचार संपेपर्यंत काढा बंद ठेवण्यास सांगितले, व तिने तो ठेवला. ज्यांच्या घरी असे उपचार चालू असतील, त्यांनी घरातले सर्व काढे व चूर्णे कागदावर लिहून डॉक्टरांस दाखवावीत.