हिशेब मतदानाआधी हवा



आपल्या मंडळाच्या गणपतीचा हिशेब विसर्जनानंतर आठ महिन्यांनी आला, तर आपण खजिनदाराला सोडू का? पण ऑस्ट्रेलियातल्या राजकीय पक्षांचं आपण वर्षानुवर्षं चालवून घेतलं.

२१ मे २०२२ ला आपण फेडरल निवडणुकीत मत दिलं. त्या प्रचाराआधी पक्षांना मोठ्या देणग्या कुणी दिल्या, हे निवडणूक आयोगाने जाहीर केलं १ फेब्रुवारी २०२३ ला. तेही १४,५०० डॉलरच्या वरच्या रकमांचंच. मी आयटीतला माणूस. सर्व्हर बंद पडल्यावर आठ महिन्यांनी अलर्ट आला, तर त्याचा काय उपयोग?

फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेने हे नियम बदलले. पुढच्या फेडरल निवडणुकीसाठी ५,००० डॉलरच्या वरची देणगी जाहीर करावी लागेल. एरवी दर महिन्याला, प्रचारात दर आठवड्याला आणि मतदानाच्या आगेमागे रोजच्या रोज. देणगीवर वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा, एका मतदारसंघातल्या खर्चावर ८ लाखांची.

कायदा निर्दोष नाही. पक्षाच्या वेगवेगळ्या राज्यशाखांना वेगवेगळी देणगी देता येते. अपक्षाला ८ लाखांतच सगळं भागवायचं. मोठ्या पक्षाला देशभरच्या जाहिरातींसाठी वेगळी मर्यादा आहे. शिवाय किमान ४ टक्के मतं मिळवणाऱ्यांना सरकारी तिजोरीतून मतामागे ५ डॉलर मिळतील, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. अपक्ष खासदारांची तक्रार याचसाठी आहे, आणि मला ती रास्त वाटते. तरीही माहिती मतदानाआधी मिळणार, ही मोठी गोष्ट आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. काही वर्षांपूर्वी मी एका उमेदवाराच्या निधीसाठीच्या जेवणाला गेलो होतो. तिकीट २५० डॉलर. फोटो काढला, घरी पाठवला, आईला कौतुक वाटलं. माझ्या टेबलावरचे एक गृहस्थ मात्र फोटोसाठी आले नव्हते. त्यांनी उमेदवाराला बाजूला घेऊन दहा मिनिटं आपलं काम समजावलं. आमच्या भागातल्या शाळेबद्दल विचारायचं मी ठरवून गेलो होतो. ते राहूनच गेलं.

भारतात १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, ते मतदाराच्या माहितीच्या हक्कासाठी. तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दोनपर्यंत वाद चालले. इथला कायदा झाला, त्या दिवशी ग्रुपवर फक्त 'गुड मॉर्निंग' होतं.

म्हणून एकच विनंती. इथे नागरिकाला मतदान सक्तीचं आहे. रांगेत तर आपण उभे राहणारच. त्याआधी दहा मिनिटं काढा, आयोगाच्या वेबसाइटवरचं ट्रान्स्परन्सी रजिस्टर उघडा आणि आपल्या उमेदवाराला पैसे कुणी दिले ते बघा. मुलांना शेजारी बसवा. अजून पीआरवर असाल, मत नसेल, तरी बघा. देणगी मागायला लोक तुमच्याकडेही येतात.

वर्गणी मागायला दारात आलेल्याला आपण पावती मागतोच ना? मग इथेही मागूया.