केस सरळ करायचे का? आधी बैठकीत बोलू या



लग्नसराई तोंडावर आली की आपल्या गटांच्या बैठकीत हप्ते भरून झाल्यावर एक विषय हमखास निघतो. कुणाची मुलगी म्हणते, "आई, मला केस सरळ करायचेत." कुणाची नवी सून म्हणते. कधी कधी चाळिशीतली आपलीच एखादी मैत्रीण हळूच विचारते, "त्या रिबॉन्डिंगला किती घेतात गं?" तालुक्याच्या पार्लरबाहेर मोठ्या पाट्या लागल्यात. रिबॉन्डिंग, स्मूदनिंग, केराटिन, बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया. नावं पाच, पण त्यात नेमकं काय करतात हे फार थोड्या जणींना कुणी समजावून सांगतं. म्हणून आज आपण याच विषयावर बोलणार आहोत. करा किंवा करू नका, असा हुकूम आम्ही सोडणार नाही. डोकं तुमचं, केस तुमचे. पण निर्णय माहिती घेऊन व्हावा, एवढाच आमचा आग्रह आहे.

पहिली गोष्ट. कुरळे केस हा काही रोग नाही. केस ज्या मुळातून येतो ते मूळ वाकडं असलं की केस वळण घेऊनच बाहेर पडतो. आजीचे कुरळे असले तर नातीचेही होऊ शकतात. डोक्याच्या कातडीत तयार होणारं तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसावर ते वळणावळणांत अडतं. म्हणून कुरळे केस टोकाला कोरडे, राठ होतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन फुलतात आणि पिंजारल्यासारखे दिसतात. त्यात आपल्याकडे बोअरचं जड पाणी. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यानं न्हालं की केस आणखी राठ होतात. म्हणजे पुष्कळदा तक्रार कुरळेपणाची नसतेच, कोरडेपणाची असते. आणि कोरडेपणावर उपाय घरी आहेत. ते शेवटी सांगतो.

दुसरी गोष्ट जटेची. कुरळे केस नीट विंचरले नाहीत, धुतले नाहीत, तर गुंता होतो आणि गुंत्याची जट होते. तिला देवीची जट म्हणून किती बायकांनी आणि मुलींनी वर्षानुवर्षं मानेवर ओझं वागवलंय, हे आपण पाहिलंय. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांची समजूत घालून जटा सोडवल्या आहेत. जट म्हणजे केसांचा गुंता, दुसरं काही नाही. हे इथं सांगायचं कारण असं, की कुरळ्या केसांच्या बाईला एकीकडे भीती दाखवतात आणि दुसरीकडे नावं ठेवतात. केस सरळ करायची इच्छा कधी कधी त्यातूनच येते.

आता पार्लरमध्ये काय होतं ते बघू. केस ज्या पदार्थाचा बनलाय त्याला केराटिन म्हणतात. आपली नखंही त्याचीच. केसाच्या आत दोन प्रकारचे सांधे असतात. काही कच्चे, ते पाण्यानं सुटतात. ओले केस सरळ वाटतात ते त्यामुळेच. गरम इस्त्री फिरवून केस सरळ केले तर हे कच्चे सांधे बदलतात. सुती साडीच्या इस्त्रीसारखंच हे. पाणी लागलं की घडी मोडली. दुसरे सांधे पक्के. ते पाण्यानं सुटत नाहीत, रसायनानंच सुटतात.

रिबॉन्डिंगमध्ये पहिलं क्रीम हे पक्के सांधे सोडवतं. मग इस्त्रीनं केस सरळ करतात आणि दुसरं क्रीम लावून सांधे पुन्हा जोडतात. जेवढा केस सरळ झाला तेवढा सरळच राहतो. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि नवा केस कुरळाच येतो. सहा महिन्यांनी वर कुरळं आणि खाली सरळ असं दिसतं. मग पुन्हा पार्लर. पहिलं क्रीम जास्त वेळ राहिलं, किंवा आधीच रंगवलेल्या, कमजोर केसांवर लावलं, तर केस मधूनच तुटतात.

केराटिन, नॅनोप्लास्टिया आणि तसल्या उपचारांत बहुतेक वेळा औषध लावून कडक तापलेल्या इस्त्रीनं ते केसात बसवतात. काही ठिकाणी इस्त्री २३० अंशांपर्यंत तापवतात. पाणी १०० अंशांना उकळतं, यावरून अंदाज करा. हा परिणाम काही महिने टिकतो, मग धुऊन जातो. आणि केसांच्या बोटॉक्समध्ये सुईचं बोटॉक्स नसतं. ते फक्त नाव आहे.

आता धोक्याचं बोलू. केराटिनच्या काही औषधांतून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटतो. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक, साप ठेवलेले असतात ना, त्या बरणीतलं फॉर्मालिन म्हणजे हाच वायू पाण्यात विरघळवलेला. इस्त्री लागली की तो वाफेबरोबर वर येतो. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव, खोकला, छातीत दाटल्यासारखं होणं, ही त्याची खूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. खोक्यावर कधी त्याचं नाव नसतं. मिथिलीन ग्लायकॉल किंवा फॉर्मालिन लिहिलेलं असतं. वस्तू तीच.

काही नव्या औषधांत त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तिनं २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वेळा केस सरळ करून घेतले. तिन्ही वेळा डोक्याची आग झाली, उलट्या झाल्या, पाठ दुखली आणि मूत्रपिंडाला इजा झाली. त्या क्रीममध्ये हे आम्ल १० टक्के होतं. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या कातडीवर लावून पाहिलं, तर त्यांच्या मूत्रपिंडात स्फटिक साचले. म्हणजे डोक्याला लावलेलं डोक्यावरच राहतं असं नाही.

अमेरिकेत ३३ हजारांहून जास्त बायकांवर जवळपास ११ वर्षं लक्ष ठेवून एक अभ्यास झाला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांनी केस सरळ करायची रसायनं कधीच वापरली नव्हती, त्यांच्यात वयाच्या सत्तरीपर्यंत हजारात साधारण १६ जणींना पिशवीचा, म्हणजे गर्भाशयाचा कर्करोग होईल असा हिशोब निघाला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत तो हजारात ४० निघाला. इथं दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, हजारात ४० म्हणजे ९६० जणींना होत नाही. दोन, हे वरचेवर वापरणाऱ्यांचं आहे, आणि त्या क्रीममुळेच कर्करोग झाला असं या अभ्यासानं सिद्ध केलेलं नाही, संबंध दाखवलाय. एकदा केलं म्हणून घाबरून जाऊ नका. पण दर सहा महिन्यांनी, वर्षानुवर्षं करायचं असेल तर हा आकडा डोक्यात ठेवा.

आणखी एक. आपल्या गटांतल्या कितीतरी मुली ब्युटी पार्लरचा कोर्स करून छोट्या खोलीत धंदा करतात. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा वाफ घेतं, ही मुलगी रोज घेते. म्हणून खिडकी-दार उघडं, बाहेर हवा फेकणारा पंखा आणि हातमोजे हवेतच. पोटुशी असेल तर तिनं हे काम करूच नये.

आता पैशाचं. आमच्या भागात आम्ही चौकशी केली, तर लांब, दाट केसांना चार-पाच हजार सांगतात. वर खास शाम्पू घ्यायला लावतात. सहा महिन्यांनी मुळांचं काम पुन्हा. महिना दोनशे रुपये बचत करणाऱ्या बाईची ती दोन वर्षांची बचत. शिवाय उपचार झाल्यावर बहुतेक पार्लरवाले सांगतात, तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागे घ्यायचे नाहीत. खुरपणीच्या दिवसांत, डोक्यावर भारा घेणाऱ्या बाईला ते कसं जमायचं?

आमच्या गटापुढे यंदा अशा दोन गोष्टी आल्या. पहिल्या ताईंनी लेकीच्या केसांसाठी अंतर्गत कर्जातून पाच हजार मागितले. साखरपुड्यात मुलाकडच्या एका बाईनं म्हटलं होतं, "लग्नाच्या आधी तेवढे केस नीट करून घ्या." बैठकीत वाद झाला. कुणी म्हणाल्या, केसांसाठी कसलं कर्ज? तर दुसऱ्या म्हणाल्या, पोराच्या मोबाईलला दिलं तेव्हा कुणी विचारलं होतं का? त्यांचं म्हणणं खरं होतं. बाईच्या हौसेलाच तेवढी चौकशी का? शेवटी आम्ही त्या मुलीलाच बैठकीत बोलावलं आणि विचारलं, "तुला स्वतःला करायचंय का?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला माझे केस आवडतात. पण आईला बोलणी बसतील." त्यावर तिची आईच उठली. घरी जाऊन त्यांनी मुलाकडे फोन लावला आणि सांगितलं, "केस बघूनच पसंती दिलीत ना? मग तेच केस घेऊन पोरगी येईल." लग्न ठरल्या तारखेला झालं. मुलीनं वेणी घालून त्यावर गजरा माळला होता. पाच हजार उचललेच नाहीत.

दुसरी मुलगी तालुक्याला कामाला जाते. ती म्हणाली, "मला सकाळी सहाची एसटी धरायची असते. गुंता सोडवण्यात अर्धा तास जातो. मला करायचंच आहे, माझ्या पगारातून." तिनं दोन पार्लरमध्ये जाऊन खोकं बघायला मागितलं. पहिल्यानं दाखवलं नाही. दुसऱ्या ठिकाणी दाखवलं, तिथं तिनं करून घेतलं. आम्ही तिलाही चांगलंच म्हटलं. एकीनं नाही म्हटलं, एकीनं हो म्हटलं, दोघींनी स्वतः ठरवलं.

तुम्ही हो म्हणणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

पोटुशी असाल, अंगावर पाजत असाल, दमा असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर करू नका. शाळकरी मुलींचं करू नका.

डोक्यात खवडे, जखमा, खाज असेल तर आधी ती बरी करा. केस मूठमूठ गळत असतील तर आधी दवाखान्यात जाऊन रक्त आणि थायरॉइड तपासा. अंगात रक्त कमी असल्यानं गळणारे केस पार्लरमध्ये बरे होत नाहीत.

खोकं मागून बघा. कंपनीचं नाव, बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि घटकांची यादी असलीच पाहिजे. मोबाईलवर फोटो काढा आणि इंग्रजी वाचणाऱ्या मुलीकडून किंवा औषध दुकानदाराकडून वाचून घ्या. फॉर्माल्डिहाइड, मिथिलीन ग्लायकॉल, फॉर्मालिन, ग्लायऑक्सिलिक आम्ल ही नावं दिसली तर उठून या. बिननावाच्या डब्यातलं काही लावून घेऊ नका.

डाय किंवा काळी मेंदी लावत असाल तर लपवू नका, आधी सांगा. कानामागे थोडं औषध लावून दोन दिवस वाट बघा. एका बटेवर करून बघायला सांगा.

औषध डोक्याच्या कातडीला लागू देऊ नका. आग व्हायला लागली तर "थोडं सोसा" म्हणतील. सोसू नका, लगेच धुवायला लावा. नंतर उलट्या झाल्या, पाठ-कंबर दुखली, लघवी कमी झाली, तर दवाखान्यात जा आणि केसांना काय लावलं ते डॉक्टरांना सांगा.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच नको. बिघडलं तर सावरायला वेळ राहत नाही. एका दिवसापुरतेच सरळ हवे असतील तर नुसत्या इस्त्रीनं भागतं.

आणि नाही म्हणणार असाल, किंवा आधी घरी करून बघणार असाल, तर हे करा. न्हायच्या आधी तासभर खोबरेल चोळा. केस कोरडे असताना विंचरू नका, त्यानंच ते पिंजारतात. ओले असताना, मोठ्या दातांच्या फणीनं, टोकाकडून सुरुवात करून वर या. टॉवेलनं खसाखसा पुसू नका. जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं नुसतं दाबून पाणी टिपा. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर शेवटचा तांब्या त्याचा घ्या. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा, गरम असतानाच फडक्यातून गाळा. बुळबुळीत पाणी निघतं. ते ओल्या केसांना हातानं लावा आणि बटा तशाच वाळू द्या. दोन-तीन दिवसांत वापरून संपवा, नंतर ते आंबतं. महिनाभर करून बघा. खर्च जवसाचा, तोही घरचा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. मुलींनाही बोलवा. त्यांना पहिला प्रश्न एकच विचारा, "हे तुला हवंय, की कुणी सांगितलं म्हणून?" उत्तर द्यायला त्यांना वेळ द्या. बाकीचं त्या ठरवतील.