गंमत सांगायची, पण थोडी राखून



अध्यक्षीय भाषणात मराठी विज्ञानलेखनाच्या दुरवस्थेबद्दल चार शब्द हळहळायची आपल्याकडे रीत आहे. परिभाषा जड आहे, प्रकाशक मिळत नाहीत, मुले इंग्रजी माध्यमात जातात. हे सगळे खरे आहे, आणि माझ्या आधीच्या अध्यक्षांनी ते माझ्यापेक्षा चांगल्या मराठीत सांगून ठेवले आहे. मी आज एका हलक्या मानल्या गेलेल्या विषयावर बोलणार आहे, तो म्हणजे विज्ञानातल्या गमतीजमती. वर्तमानपत्रात त्यांना बालपान मिळते, दिवाळी अंकात कोपऱ्यातली चौकट मिळते, आणि आपल्या संमेलनात त्या जेवणाच्या सुट्टीत निघतात. खरे तर आपली सर्वांत चांगली सत्रे जेवणाच्या सुट्टीतच होतात, पण त्यांचा वृत्तांत कोणी लिहीत नाही.

संमेलन नाशिकला भरले आहे, तेव्हा सुरुवात देवळालीपासून करणे भाग आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळेत शिकवत होते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. पुढे मात्र पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. हाताशी काय, तर संख्या आणि वेळ मिळेल तेव्हा त्यांच्याशी खेळायची हौस. डोंबिवली स्थानकाला तेव्हा डेम्लो म्हणत. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या असेच नाव देऊन टाकले. १, ११, १११, ११११ यांचे वर्ग करून पाहा, म्हणजे त्यातल्या काहींची ओळख होईल.

पण कापरेकरांचे नाव जगभर गेले ते ६१७४ मुळे. आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक आहे, तरी पुन्हा एकदा करू या, कारण ही गंमत ऐकण्याची नाही, करण्याची आहे. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करायची. उत्तरावर पुन्हा तेच. मी कापरेकरांचे जन्मसाल घेतो, १९०५. ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. पुढे ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. यापुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ हलत नाही. कोणत्याही संख्येला इथे पोहोचायला जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात, आणि कापरेकरांच्या जन्मसालाने त्या साती वसूल केल्या. याला काही अर्थ नाही, निव्वळ योगायोग आहे. पण मला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

असे का होते? पहिल्या वजाबाकीनंतर वाटेल ती संख्या येऊच शकत नाही. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातल्या फरकाला ९९९ ने गुणा, मधल्या दोन अंकांतल्या फरकाला ९० ने गुणा, आणि बेरीज करा. उत्तर तेच असणार. हिशेब केला तर अशा फक्त ५४ संख्या निघतात. म्हणजे, सुरुवातीची शून्ये धरून, ९,९९० शक्यतांपैकी एका फटक्यात ५४ उरल्या. पुढचे काम कोणीही दुपारभरात कागदावर संपवू शकतो. तीन अंकी संख्यांचे काय होते, हे मी सांगणार नाही. दोन अंकींचेही नाही. पाच अंकींकडे वळाल तेव्हा मात्र रात्रीचे जेवण आधी उरकून घ्या.

मी सांगणार नाही म्हणालो, त्यातच माझे आजचे सगळे म्हणणे आहे. चांगली गंमत ऐकणाऱ्याच्या हातात काम ठेवून जाते. कापरेकरांनी ६१७४ ची गोष्ट १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. सुरुवातीला इथल्या गणितज्ञांनी ती फारशी मनावर घेतली नाही, म्हणून पुष्कळसे लेखन त्यांना स्वतःच्या खर्चाने छापावे लागले. मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, आणि देवळालीच्या मास्तरांचे काम जगभरच्या हौशी मंडळींच्या वह्यांत पोहोचले. गार्डनर स्वतः गणितज्ञ नव्हते, ते महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकले होते. त्यांचे कसब एवढेच, की ते कोडे सांगत आणि बाजूला होत.

हे बाजूला होणे किती मोलाचे आहे, ते त्याच वर्षी त्याच सदरात दिसले. विषय होता कोणत्या आकाराच्या, आत खाच नसलेल्या पंचकोनी फरश्या जमिनीवर फट न ठेवता बसवता येतात. यादी पूर्ण झाली आहे, असा तोवर समज होता. एका वाचकाने यादीत नसलेला पंचकोन पाठवून दिला. हे वाचून सॅन दिएगोच्या मार्जोरी राइस या गृहिणी कामाला लागल्या. पाच मुलांची आई, गणिताचे शिक्षण शाळेपुरते, आणि मासिकही मुलासाठी घेतलेले. गणिताची रूढ चिन्हे येत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःची चिन्हे तयार केली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढायच्या आणि कोणी आले की झाकून ठेवायच्या. का? तर मुले विचारत बसतील. अशा झाकाझाकीतून त्यांनी १९७७ पर्यंत पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधले. डोरिस शाटश्नायडर या गणितज्ञ बाईंनी ते तपासले आणि गणिताच्या जगापुढे नेले. पूर्ण यादी पंधरा प्रकारांची आहे, हे सिद्ध व्हायला २०१७ साल उजाडले.

हा जमाना गेला, असे वाटत असेल तर डेव्हिड स्मिथ यांच्याकडे पाहा. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे हे गृहस्थ छपाईच्या धंद्यातून निवृत्त झालेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये आकारांशी खेळताना त्यांना तेरा बाजूंचा एक आकार सापडला. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांनी ते जुळवले, तर आकृती पसरत जाई, पण तिची घडी काही पुन्हा येईना. एकच फरशी घेऊन, नक्षीची आवर्तने न होता, सगळी जमीन व्यापता येईल का, हा गणितातला पन्नासेक वर्षांचा जुना प्रश्न होता. स्मिथ यांनी आपला आकार कॅनडातल्या क्रेग कॅपलन यांना कळवला, आणखी दोघे आले, आणि मार्च २०२३ मध्ये चौघांनी सिद्धतेसह तो जाहीर केला. त्यावर काही चिकित्सक म्हणाले, की यात फरशी मधूनमधून उलटी करून बसवावी लागते, मग ती एक कशी? दोन महिन्यांत उलटी न करता बसणारी फरशीही हजर झाली. ही खुसपट काढणारी मंडळी मला फार प्रिय आहेत. आपल्या संमेलनातही प्रत्येक व्याख्यानानंतर हात वर करणारे एक गृहस्थ असतात. त्यांना पुढच्या वर्षापासून पहिल्या रांगेत जागा द्यावी, अशी माझी सूचना आहे.

घरच्या उदाहरणाशिवाय हा भाग पुरा होणार नाही. जयंत नारळीकर बनारसला शाळेत होते तेव्हा त्यांचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, घरातल्या फळ्यावर एक गणित लिहून ठेवत आणि ते जयंतसाठी आव्हान आहे असे वर नमूद करत. भाच्याला उत्तर मिळेपर्यंत फळा पुसला जात नसे. शिकवणी नाही, उपदेश नाही, नुसता न पुसलेला फळा.

आता आपल्या खिशातल्या फोनकडे येतो. त्यावर रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांसोबत विज्ञानाच्या गमतीही उगवतात, आणि त्यांत एक संदेश पावसाळ्याच्या तोंडाशी हमखास येतो. उद्यापासून पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, एरवी नऊ कोटी किलोमीटरवर असलेला सूर्य पंधरा कोटी वीस लाख किलोमीटरवर जाणार, थंडी वाढणार, सर्दी-खोकल्यापासून जपा. हा संदेश पाठवणाऱ्याला आपण हसतो किंवा खोटे आहे, पुढे पाठवू नका असा ठप्पा मारतो. मला दोन्ही पसंत नाही. कारण त्या संदेशात एक आकडा खरा आहे! जुलैच्या सुरुवातीला सूर्य साधारण पंधरा कोटी वीस लाख किलोमीटरवर असतोच. पण जानेवारीच्या सुरुवातीलाही तो पंधरा कोटींच्या जरासाच खाली, चौदा कोटी सत्तर लाखांच्या आसपास असतो. म्हणजे निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते तेव्हा सूर्य आपल्याला वर्षातला सर्वांत जवळ असतो. मग थंडी कशाने पडते? एवढे विचारून थांबावे. ज्याने संदेश पाठवला, तोच उत्तर शोधून परत येतो. मी हे अनेकदा पाहिले आहे.

मात्र गंमत कुठून आली हे सोबत न पाठवणे, याला मी माफी देणार नाही. त्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण आपल्या खानदेशात आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणा अभ्यासकाला खात्रीने दिसले नव्हते. त्या काळी खानदेशात असलेले इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेले त्याचे नमुने लंडनच्या संग्रहालयात होते. रिचर्ड मायनरझागेन या नामवंत पक्षीतज्ज्ञाने त्यातला एक लांबवला, पुन्हा पेंढा भरून नीटनेटका केला आणि त्याला नवी चिठ्ठी बांधली: १९१४, मांडवी, गुजरात. पक्षी खानदेशचा, पत्ता गुजरातचा! त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणारे नको तिथे भटकले. शेवटी पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने आणि त्यांच्या नोंदी बारकाईने तपासून ही लबाडी पकडली, खोट्या पत्त्यावर काट मारली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत पाहिला. ११३ वर्षांनी. पक्षी तिथेच होता, चिठ्ठी खोटी होती.

म्हणून, हौशी मंडळींनी एकमेकांना काय पाठवावे याबद्दल माझी एकच मागणी आहे. कुठे पाहिले, कधी पाहिले, कोणी मोजले, एवढे सोबत असू द्या आणि समोरच्याला करण्याजोगे काहीतरी शिल्लक ठेवा. नुसते आश्चर्य फुकट मिळते, ते दुसऱ्या दिवशी विसरलेही जाते.

आता एक काम वाटून देतो. शून्य सावलीचा दिवस आपण सगळेच साजरा करतो. कोल्हापूरला तो मेच्या सहा-सात तारखेला, पुण्याला तेरा-चौदाला, नाशिकला विसाच्या सुमारास येतो. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये असतो, पण तो बहुधा ढगांत जातो. आपण उभ्या बाटलीचा सावली नसलेला फोटो काढतो, पाठवतो, आणि विषय संपतो. तो तिथे संपायला नको. कोल्हापूर आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, सरळ रेषेतले अंतर सुमारे ३६७ किलोमीटर. कोल्हापूरची सावली नाहीशी होते त्याच दिवशी, आपापल्या मध्यान्हीला, नाशिकला एक मीटर उंचीच्या काठीची सावली मोजा. ती पावणेसहा सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. त्यावरून सूर्यकिरणांचा कोन काढा, पूर्ण वर्तुळाला त्या कोनाने भागा, आणि आलेल्या संख्येने ३६७ ला गुणा. जे उत्तर येईल तो पृथ्वीचा परीघ. अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हेच केले होते, फक्त त्याला कोल्हापूरकर मित्राची सोय नव्हती. हा प्रयोग एकट्याने होत नाही, दोन गावांत दोघे लागतात, आणि म्हणूनच मला तो आवडतो.

काठी ओळंबा लावून सरळ उभी करायची आहे, जमीन सपाट हवी, आणि घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. सावली सर्वांत आखूड होईल तो क्षण पकडायचा. कोल्हापूर, नाशिक आणि मधल्या गावांतल्या ज्यांना भाग घ्यायचा आहे त्यांनी बाहेरच्या टेबलावरच्या वहीत नाव आणि गाव लिहावे. कोल्हापूरला ढग आलेच, तर दुसऱ्या कोणत्याही दिवशी दोन्हीकडे सावली मोजून कोनांची वजाबाकी (सावल्या विरुद्ध दिशांना पडल्या तर बेरीज) केली तरी चालते. ते कसे, हे चहाच्या वेळी विचारा.