आप्त परदेशी, निष्ठा स्वदेशी

(अलिबाग येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात कुणाचा मुलगा दुबईत, तर कुणाचा भाऊ कुवेतमध्ये आहे. शहरी घरांतील मुले अमेरिकेत स्थिरावली आहेत. याच किनाऱ्यावर, उरणजवळ करंजा येथे नौदलाचे शस्त्रागार आहे. येथील तरुण संरक्षण खात्याकडे अर्ज करू लागला, की घरात प्रश्न उठतो : परदेशातील नातलग आडवे येतील काय?

निवड झालेल्या उमेदवाराला चारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना भरावा लागतो. आई-वडील, पती-पत्नी, भावंडे यांचे राष्ट्रीयत्व आणि जन्मस्थान त्यात विचारले जाते. मुले परदेशी असल्यास तेथील पत्ता व वास्तव्याचा काळही द्यावा लागतो. केंद्रीय कर्मचाऱ्याने परकीय नागरिकाशी विवाह केल्यास ते शासनास विनाविलंब कळविणे १९६४ च्या वर्तणूक नियमांनी बंधनकारक आहे. मात्र त्या नमुन्याच्या आरंभीची ताकीद नातलगांविषयी नाही. खोटी माहिती देणे वा माहिती दडविणे यांविषयी आहे. म्हणजे नाते हा अपराध नव्हे, लपवाछपवी हा अपराध होय.

अमेरिकेत २०१७ पासून लागू असलेले निकषही पाहण्याजोगे आहेत. नातलग कोणत्या देशात आहे, संबंध किती निकटचा, तो तेथील सरकारच्या सेवेत आहे काय, त्याच्याद्वारे उमेदवारावर दबाव येऊ शकेल काय, हे तेथे तोलले जाते. तेथील मराठी अभियंत्याच्या बाबतीत अलिबागचे आई-वडील हेच ‘परदेशी नातलग’ ठरतात! आपल्याला तो न्याय वाटत असेल, तर येथेही तोच विवेक हवा.

आपल्या किनाऱ्याचाच दाखला घ्या. नवगाव, पेण, रोहे येथील बेने इस्रायली समाज, आपले ‘शनिवार तेली’, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला. १९४८ नंतर त्यांतील हजारो लोक इस्रायलला गेले. भारताचे त्या देशाशी पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ पर्यंत नव्हते. तरीही याच समाजातील बेंजामिन अब्राहम सॅमसन यांच्या हाती राष्ट्राने खडकवासल्याची प्रबोधिनी दिली आणि १९६५ च्या युद्धकाळात आरमाराचा ताफाही सोपविला. माणसाची पारख त्याच्या कर्तृत्वावरून आणि निष्ठेवरून झाली.

आता दुसरी बाजू. जानेवारी १९९३ मध्ये दिघी येथे आणि फेब्रुवारीत शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली. १२ मार्चच्या मुंबईतील स्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले. ती वाट कुणी मोकळी केली? सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील लाचखोरांनी! २००६ मध्ये टाडा न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या यंत्रणांवर कठोर ताशेरे ओढले. परदेशात कुणी नातलग असणे हे त्यांच्या द्रोहाचे कारण नव्हते. फितुरी घडविली ती पैशाने.

म्हणून शासनाने केवळ नात्यांची यादी पाहून थांबू नये. उत्पन्नाशी विसंगत मालमत्ता, कर्ज, व्यसन, दबाव यांकडेही नियुक्तीनंतर सतत लक्ष ठेवावे. आणि कुटुंबांनी मुलाला ‘काकांचे नाव कशाला लिहितोस?’ असा सल्ला देऊ नये. जे विचारले आहे ते संपूर्ण आणि खरे लिहावे. आज दडविलेले नाव उद्या शत्रूच्या हाती धाक दाखविण्याचे साधन होते. कागदावर उघड लिहिलेल्या नावाचा धाक कुणालाच घालता येत नाही.