आपल्या डोंगरात ट्रायलोबाइट का नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळात माझी ओळख पापड-लोणच्यांपुरती. आज मी दगडांविषयी बोलणार आहे, तेव्हा सांभाळून घ्यावे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. धाकटी मुलगी यंदा सातवीत आहे. गेल्या पावसाळ्यात तिने पुस्तकातले एक चित्र दाखवले. झुरळ म्हणावे तर झुरळ नव्हे, खेकडा म्हणावे तर खेकडा नव्हे, असा दगड झालेला प्राणी! "आई, हा ट्रायलोबाइट. आपल्या गिल्बर्ट हिलमध्ये सापडेल का गं?"

मला ठाऊक नव्हते. पण तसे कबूल करायची लाज वाटली, म्हणून खेकसले, "नसत्या चौकशा नकोत, भाजी निवड!" तिने पुस्तक मिटले. पुढे आठ दिवस तिने मला काहीच विचारले नाही. ते मला फार लागले. अखेर मीच म्हटले, "बाळ, ते पुस्तक मला वाचून दाखव."

तेव्हा कळले ते असे. ट्रायलोबाइट समुद्रात राहत, पुष्कळसे उथळ समुद्राच्या तळाशी. अंगाच्या उभ्या तीन पाळी, म्हणून हे नाव. कोळंबी-खेकड्यांप्रमाणे तेही वाढताना जुने कवच टाकीत. सुमारे बावन्न कोटी वर्षांपूर्वी ते दिसू लागले आणि पंचवीस कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. आपल्या देशात त्यांचे अवशेष हिमालयात, स्पितीच्या खोऱ्यात सापडतात. एके काळी समुद्राचा तळ होता, तो आज पर्वत झाला आहे!

आपला अंधेरीचा डोंगर मात्र ज्वालामुखीच्या रसाचा. वय सहा कोटी वर्षांहून अधिक. म्हणजे ट्रायलोबाइट संपल्यानंतर कितीतरी काळाने झालेला. शिवाय उकळत्या रसात कोणता जीव टिकणार? तळ्याचा चिखल आटला की भेगा पडतात ना, तसा तो रस निवताना आकसला, तडकला, आणि उभे खांब तयार झाले. गावदेवीच्या दर्शनाला आपण पायऱ्या चढतो, तेव्हा हेच सुमारे २०० फुटी खांब शेजारी असतात. आपला पाटा-वरवंटा याच काळ्या दगडाच्या जातीचा.

मुलीचे तोंड उतरले. पण पुढचे पान उलटले तर वरळी निघाली! हा रस एकदम आला नाही. धिरड्यावर धिरडे घालावे तसे थरावर थर आले, आणि मधल्या काळात तळी साचली. त्या तळ्यांच्या गाळात चिमुकले बेडूक आणि गोड्या पाण्यातले कासव दबून राहिले. १८४७ साली इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी त्या बेडकाचे वर्णन छापले. 'डायनासोर' हा शब्दही त्यांचाच. वरळीच्या बेडकाला आज शास्त्रात 'इंडोबॅट्राकस' म्हणतात. मुलगी टाळ्या पिटून म्हणाली, "म्हणजे आपल्या मुंबईतही आहे!"

नंतर आम्ही मायलेकी डोंगरावर गेलो. भोवतीचा दगड वर्षानुवर्षे फोडला गेला. उरला तो हा सुळका. २००७ साली महापालिकेने त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. परंतु कागदावरच्या मान्यतेने डोंगर राखला जात नाही. त्याची किंमत शेजाऱ्यांना कळली पाहिजे, आणि शेजारी म्हणजे आपणच.

भगिनींनो, माझी शाळा सुटली तेव्हा प्रश्न विचारण्याची सवयही सुटली. लेकीचीही मी सोडवीत होते. म्हणून एवढीच विनंती: मुलांना एकदा तो डोंगर नीट दाखवा. आणि त्यांनी विचारलेले आपल्याला येत नसेल, तर रागावू नका. "मला ठाऊक नाही, चल, दोघी मिळून बघू," असे म्हणा. त्यात आईचा मान कमी होत नाही, हे मी अनुभवाने सांगते.